सात नंबरची कोळंबी

लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात गेलो की माझी ऑर्डर हे देणार आणि ह्यांची मी, असा आमच्याकडे नियम आहे. नियम म्हटलं की आमच्या ह्यांना बरं वाटतं म्हणून नियम म्हणते, नाहीतर ती पहिल्या वर्षी लाजेपायी झालेली गंमत होती. खडकी बाजारातल्या इराण्याकडे आम्ही दोघं पहिल्यांदाच बाहेर खायला गेलो होतो. मला काय हवं ते सांगायची मला लाज, आणि ह्यांना स्वतःला काय हवं ते सांगायची सवयच नाही. वेटर उभा राहून कंटाळला, तेव्हा ह्यांनी माझ्यासाठी ऑम्लेट सांगितलं आणि मी धीर करून ह्यांच्यासाठी बनमस्का. दोन्ही बरोबर निघालं. तेव्हापासून हे असंच चालत आलंय. आधी विचारायचं नाही, सुचवायचं नाही, भुवई उडवून खूण करणंही चालत नाही. मधल्या वर्षांत मी ह्यांच्या कृपेने बऱ्याच बेचव गोष्टी हसतमुखाने खाल्ल्या, पण नियम मोडला नाही.

आमचे हे म्हणजे रामदास. सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, तीही दारू भरायच्या सेक्शनला. तिथे आत जाताना अंगझडती व्हायची, कपडे बिनखिशाचे, बूट वेगळे, आणि काडेपेटीचं नाव काढायचं नाही. एवढ्या वर्षांत ह्यांच्या सेक्शनला काही म्हणजे काही झालं नाही. बाकीच्या बायका आपल्या नवऱ्याने काय काय केलं ते सांगतात, मी माझ्या नवऱ्याच्या हातून काय झालं नाही ते सांगते. निरोपाच्या समारंभात साहेब भाषणात म्हणाले की रामदासांच्या कारकिर्दीत काहीही घडलेलं नाही. सगळे हसले. हे मात्र मान ताठ करून बसले होते, आणि मलाही त्यांचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

अडचण एवढीच की फॅक्टरीचं गेट घरीही आलं. काडेपेटी स्टीलच्या डब्यात आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर. गॅसचं बटण मी बंद केलं की मागून हे पुन्हा बघणार, मग रेग्युलेटर बघणार, मग मला विचारणार. आम्रपाली, आमची मुलगी, लहान होती तेव्हा शेजारची पोरं फुलबाज्या पेटवायची आणि ही खिडकीच्या गजाला नाक लावून बघायची. तिच्यामागे उभी राहून मीही बघायची.

कारण मी दौंडच्या फायरमनची मुलगी. म्हणजे आग विझवणारा फायरमन नव्हे, पेटती ठेवणारा. माझे वडील वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. एकदा यार्डात इंजिन उभं असताना त्यांनी मला उचलून वर घेतलं आणि भट्टीचं दार उघडून दाखवलं. आत सगळं पांढरं-पिवळं धगधगत होतं आणि वडिलांचा काळा पडलेला चेहरा त्या उजेडात इतका सुंदर दिसत होता की मी भट्टीकडे बघू की त्यांच्याकडे, मला कळेना. आयुष्यात मी बरंच काही पाहिलं, ताजमहालसुद्धा पाहिला, पण त्या तोडीचं काही नाही. लग्न झालं त्या वर्षी मी हे सगळं ह्यांना अगदी रंगवून सांगितलं होतं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तू दारापासून किती लांब उभी होतीस? मी म्हटलं, असेन दोन हात. त्यावर हे हं म्हणाले आणि कूस बदलून झोपले. पुन्हा म्हणून मी त्यांच्यापुढे दौंडचा विषय काढला नाही.

आता घरात जिवंत ज्योत दिसते ती रोज संध्याकाळी वंदनेला, बुद्धांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे. दोन मेणबत्त्या. वंदना झाली की मी स्वयंपाकाला लागते आणि हे पेपर घेऊन तिथेच खुर्चीवर बसतात. फोन वाजू दे, दारावर कोणी येऊ दे, दोन्ही मेणबत्त्या पुरत्या विझेपर्यंत हे हलत नाहीत. मला त्याचा वैताग यायचा. देवाच्या, म्हणजे तथागतांच्या पुढचा उजेड, आणि त्यावरही पहारा. आम्रपालीच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने सेलवर चालणाऱ्या मेणबत्त्या मागवल्या. बटण दाबलं की आत पिवळा दिवा लुकलुकतो, लांबून कोणाला कळणारही नाही. ह्यांनी त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, छान आहेत म्हणाले आणि माळ्यावर ठेवून दिल्या. ह्यांचा सेलवरही विश्वास नाही, असं मी धरून चालले.

यंदा आमचा चाळिसावा वाढदिवस. आम्रपाली म्हणाली, नेहमीचं थाळीबिळी काही नाही, मी तुम्हांला कल्याणीनगरला जपानी स्टेकहाउसमध्ये नेणार. तिथे म्हणे टेबलाच्या जागीच मोठा लोखंडी तवा असतो, आपण त्याभोवती बसायचं आणि शेफ आपल्यासमोर सगळं परतून वाढतो. तिने फोनवर तिथला व्हिडिओ दाखवला. शेफने तव्यावरच्या कोळंबीवर बाटलीतून काहीतरी ओतलं आणि भक्कन ज्योत उठली, चांगली हातभर उंच. मी चष्मा नीट करून तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग मी भाजी चिरायला गेले आणि हात पुसून परत आले, तेव्हा आणखी एकदा लावायला सांगितला.

मला ती कोळंबी हवी होती. खायला नव्हे, बघायला. खाल्ली असती तीही, पण ते नंतर. माझ्यासमोर, दोन हातांवर, पुन्हा एकदा तशी आग उठावी आणि मी ती बघावी, एवढंच मनात धरून बसले. पण माझी ऑर्डर देणार कोण, तर जो माणूस उदबत्तीची राखसुद्धा ओली करून टाकतो तो. सांगायची सोय नाही, नियम आहे. चाळीस वर्षं पाळलेला नियम एका कोळंबीसाठी मोडायचा, हे माझ्या जिवावर आलं.

रविवारी निघायच्या वेळी साडीवरून तंटा झाला. मी आम्रपालीने दिलेली मोतिया जॉर्जेट काढून ठेवली होती. ह्यांनी ती बघितली आणि म्हणाले, ही नको, सुती नेस. कारण विचारलं तर म्हणे उकडेल. एसी हॉटेलात कसलं उकडतंय. पण वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सकाळी वाद नको म्हणून मी फिकट निळी सुती साडी नेसले आणि बोपोडीपासून कल्याणीनगरपर्यंत गाडीत खिडकीबाहेर बघत बसले.

हॉटेल चकाचक होतं. तव्याच्या तीन बाजूंनी उंच खुर्च्या आणि चौथ्या बाजूला काळा कोट, उंच टोपी घातलेला शेफ. तो वाकून जपानीत काहीतरी म्हणाला. आम्रपालीने मान लववली, म्हणून मीही लववली. ह्यांनी त्याला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? तो म्हणाला, कात्रज. नाव श्रीधर. मग माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं चला, निदान मटणाला मटण तरी म्हणता येईल.

मेन्यूकार्ड जाडजूड होतं. लॅम्ब चॉप्स, टेंडरलॉइन, सामन, टोफू, आणि प्रत्येकाबरोबर सूप, भाज्या, भात. आम्रपाली एकेक वाचून सांगत होती. तिने स्वतःसाठी टोफू ठरवला, हल्ली ती काय खाते ते मी विचारत नाही. काही पदार्थांपुढे मिरचीचं चित्र होतं आणि काहींपुढे छोटीशी ज्योत. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड नाकाजवळ नेलं आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"तीन, सात आणि अकरा ज्वलनशील आहेत," ते म्हणाले.

आम्रपालीने ओठ आवळून धरले. तिने समजावलं की पप्पा, ती फॅक्टरीतल्या खोक्यावरची खूण नाही, ते पदार्थ तुमच्यासमोर पेटवून देतात, तीच तर इथली मजा आहे. हे म्हणाले, तेच म्हणतोय मी. सात नंबर म्हणजे माझी कोळंबी. मी कार्डात डोकं घालून टोफूकडे बघत बसले.

श्रीधरने आधी माझ्याकडे मान वळवली. त्याला आमची पद्धत आम्रपालीने सांगितली होती, त्याला ती फार आवडली होती. आणि त्याच क्षणी माझ्या मनात पाप आलं. ऑर्डर ह्यांची, पण द्यायची मी. मी ह्यांच्यासाठी सात नंबर सांगितला तर? नियम जागच्या जागी, कोळंबी ह्यांच्या पुढ्यात आणि आग माझ्या डोळ्यांपुढे. ह्यांना नाही म्हणताच येणार नाही, एकदा दिलेली ऑर्डर परत घ्यायची नसते. जिभेवर आलं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून बसले होते, फॅक्टरीच्या ग्रुप फोटोत बसतात तसे, आणि समोर तो तापत चाललेला तवा. मला वाटलं, चंपाबाई, लग्नाच्या वाढदिवसाला ह्या माणसाला दरदरून घाम फोडायचा आणि आपण मजा बघायची, हे काही बरं नव्हे.

मी ह्यांच्यासाठी चॉप्स सांगितल्या. मटण ह्यांना आवडतं, तोंडाने कधी म्हणत नाहीत, पण मटणाच्या दिवशी ताट बोटाने पुसून घेतात. आम्रपाली म्हणाली, मीडियम सांग. मी म्हटलं, पूर्ण शिजवा हो, लाल दिसलं तर हे प्रथमोपचाराची पेटी मागतील. श्रीधर हसला. मला हलकं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच.

मग ह्यांची पाळी. ह्यांनी कार्ड मिटून बाजूला ठेवलं आणि श्रीधरची उलटतपासणी सुरू केली. तवा गॅसवर की विजेवर? गॅसवर. व्हॉल्व्ह कुठे? श्रीधरने खाली वाकून दाखवला. बंद करायला किती वेळ लागतो? वर धूर ओढणारा पंखा किती ताकदीचा? अग्निशामक कुठला ठेवलाय, पावडरचा की गॅसचा? तेवढ्यावर न थांबता हे उठले, कोपऱ्यातल्या लाल सिलिंडरपाशी गेले आणि त्याच्यावरचं तारखेचं लेबल वाचून आले. शेजारच्या तव्यावरची माणसं बघायला लागली. आम्रपालीने मेन्यूकार्ड तोंडापुढे धरलं आणि मला हळूच म्हणाली, आई, आपण दुसरीकडे जाऊ या का. मला ह्यांचा अस्सा राग आला होता. मी एवढा मोह आवरला, ह्यांच्यासाठी बिनआगीचं मागवलं, आणि हे एवढ्यानेही स्वस्थ बसायला तयार नाहीत. आता मला भाताबरोबर उकडलेल्या भाज्या खाऊ घालणार, हे मी धरूनच चालले.

हे परत येऊन बसले आणि श्रीधरला म्हणाले, "हिला सात नंबर."

आम्रपालीने कार्ड खाली घेतलं. मला वाटलं ह्यांचा नंबर चुकला. कोणता म्हणालात, असं श्रीधरनेही विचारलं. हे म्हणाले, कोळंबी, ती पेटवतात ती. मग एक गोष्ट विचारायची राहिली म्हणून त्यांनी विचारलं की वरून ओतता ती दारू पूर्ण जळते ना, कारण आमच्या घरात पाचवं शील कडक आहे. श्रीधर प्रामाणिक होता. म्हणाला, बरीचशी जळते काका, पण आम्ही थोड्या वेळाने झाकण ठेवून ज्योत विझवतो, म्हणून थोडी राहते.

"मग विझवू नका. आपली आपण संपू दे," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. हे माझ्याकडे बघत नव्हते, कामात होते. ह्यांनी मला उठवलं, माझी खुर्ची मागे ओढली आणि तव्याच्या काठापासून हात टेकवून मोजलं. एक हात, मग दुसरा. खुर्ची तिथे आणून ठेवली, हलवून पाहिली.

"दौंडला दोन हातांवर होतीस ना," ते म्हणाले. "तेवढ्या अंतरावर काही झालं नव्हतं."

चाळीस वर्षांपूर्वी मी झोपायच्या वेळी सांगितलेली गोष्ट. मला वाटलं होतं, ह्यांनी ती कूस बदलताना विसरून टाकली. ह्यांनी त्यातलं त्यांच्या उपयोगाचं तेवढं जपून ठेवलं होतं. आम्रपालीने विचारलं, पप्पा, तुम्ही घरूनच ठरवून आला होता का? हे म्हणाले, तू व्हिडिओ दाखवत होतीस तेव्हा मीही मागे उभा होतो, आणि हिने तो किती वेळा लावायला सांगितला तेही ऐकलं. मग मला म्हणाले, पदर खोच. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला की सकाळी जॉर्जेट का नको होती.

श्रीधरने आधी ह्यांच्या चॉप्स तव्यावर टाकल्या, मग आम्रपालीचा टोफू आणि भाज्या. भात परतला, अंडं उलथन्यावर झेललं, सगळं खटाखट. शेवटी माझी कोळंबी आली. ह्यांनी आपला नॅपकिन पाण्याच्या ग्लासात बुडवून पिळला आणि हातात धरून अर्धवट उभे राहिले. श्रीधरने बाटली तिरकी केली आणि ज्योत उठली.

काय सांगू. खाली निळी, वर पिवळी, अशी ती तव्यावर पसरली आणि वर झेपावली. गालांना ऊब लागली. ती ऊब मी ओळखली, तीच होती, कोळशाचा वास तेवढा नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने म्हणावं तर धूर नव्हताच, पंखा सगळा ओढून घेत होता. श्रीधर झाकण न ठेवता नुसता मागे सरून उभा राहिला, त्यामुळे ती जळतच राहिली. मी मनसोक्त पाहिली. आणि मग मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम डवरला होता, ओल्या नॅपकिनचं पाणी मनगटावरून ओघळत होतं, आणि त्या उजेडात ह्यांचा चेहरा असा दिसत होता की पुन्हा मला कळेना, इकडे बघू की तिकडे.

ज्योत खाली बसली, काठाकाठाने निळी फिरली आणि गेली. मग हे खुर्चीवर टेकले. आधी व्हॉल्व्हकडे बघून घेतलं, मगच टेकले.

कोळंबी चांगली होती, जरा गोडसर. ह्यांनी चॉप्स हाडापर्यंत खाल्ल्या आणि आम्रपालीचं लक्ष नाही असं बघून प्लेट बोटाने पुसली. मी ह्यांना म्हटलं, तुम्हांला एवढी भीती, कशाला सोसलंत? इतकं नको होतं. हे म्हणाले, भीती कसली, काळजी घेतली की झालं, त्यात सोसायचं काय. मी म्हटलं, मग घरी मेणबत्तीपुढे पहारा देता तो?

हे घास संपवून, पाणी पिऊन, सावकाश म्हणाले, "सेलच्या मेणबत्त्या माळ्यावर आहेत. त्या लावल्या असत्या तर मला बसायची गरज नव्हती. तुला खरी लागते, म्हणून मी बसतो."

आम्रपाली फोनमध्ये बघायला लागली. मी समोरच्या तव्याकडे बघत राहिले. रोज संध्याकाळी, आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून, पेपर घेऊन. पेपर तर ह्यांचा सकाळीच वाचून झालेला असतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी ह्यांच्या प्लेटमध्ये उगाच एक कोळंबी वाढली. ह्यांनी ती खाल्ली.

श्रीधर तवा पुसत होता. त्याने विचारलं, अजून काही देऊ का? आम्रपाली नको म्हणणार होती, तिला मी थांबवलं. ह्यांची ऑर्डर आज माझ्या हातात होती आणि दिवस अजून संपला नव्हता. मी श्रीधरला सांगितलं, ह्यांच्यासाठी सात नंबर.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे, ती जागच्या जागी आहे ना ते. नॅपकिन पुन्हा ग्लासात बुडवला, पिळला आणि श्रीधरला म्हणाले, "द्या. आणि हीसुद्धा विझवू नका."